उपासनेत काहीच वाटलं नाही, तर? विश्वासात नवीन असणाऱ्यांसाठी

बाप्तिस्मा होऊन चार आठवडे झाले होते. पहिले तीन रविवार गाणं सुरू झालं की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, प्रार्थनेला बसलं की छाती भरून यायची. चौथ्या रविवारी मी त्याच बाकावर उभी होते, गाणं तेच होतं, आणि आत काहीही हललं नाही. बाहेर मृगाचा पाऊस कौलांवर वाजत होता आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, देव मला सोडून गेला.

आमच्या पाळकीणबाईंना चेहऱ्यावरून कळलं असावं. त्यांनी समजूत घातली नाही, उपदेशही केला नाही. फक्त म्हणाल्या, "घरी जा आणि रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय उघडून बघ. मागच्या महिन्यात होता तसाच आहे का, तेवढं मला सांग." मी घरी जाऊन उघडला. पहिलंच वचन होतं, "म्हणून ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही." अध्याय तसाच होता, एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं. बदललं होतं ते माझं मन.

आज दापोलीच्या किनाऱ्यावर आमच्या घरसभेत दरवर्षी कोणी ना कोणी हाच प्रश्न घेऊन येतं. त्यांना मी जे सांगते, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज होणार नाही. भावना वाईट नाहीत. आपला मित्र लाजर याच्या थडग्यापाशी येशू रडला, हे योहानाच्या अकराव्या अध्यायात लिहिलेलं आहे. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात करजगावला जन्मलेले नारायण वामन टिळक घ्या. 1893 मध्ये आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथून त्यांना पुढे जाववेना, इतके ते त्या शब्दांच्या प्रेमात पडले. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. हृदय हललं ते वाचताना हललं, हा क्रम लक्षात ठेवा. आधी वचन, मग मन. आपण बहुतेक वेळा क्रम उलटा करतो आणि मन हललं नाही की वचनावरच शंका घेतो.

आधी पुस्तक हातात घ्या

मोबाइलवर बायबल ऐकता येतं, वाचता येतं, यूव्हर्जनच्या अॅपवर मराठी बायबल फुकट आहे. ते जरूर ठेवा. पण छापील प्रत घ्याच. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते, आणि मन सगळ्यात जास्त खचतं ते नेमकं अशाच अंधाऱ्या संध्याकाळी. बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' आपल्या बहुतेक मंडळ्यांत वाचलं जातं. त्याची भाषा जराशी जुनी वाटेल, पण पाठ करायला ती फार गोड आहे. अडलं तर वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' शेजारी ठेवा, त्यातल्या टिपांनी बरंच उलगडतं. आपल्या भाषेत हे पुस्तक यावं म्हणून लोकांनी आयुष्यं घातली आहेत. मिशनरी विल्यम कॅरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठी नवा करार छापला तो 1811 मध्ये. 1829 मध्ये मिशनरी जॉन विल्सन मुंबईत उतरले आणि मराठी शिकायला आले ते आमच्या या हर्णै-बाणकोटच्या बाजूला. मला याचा फार आनंद वाटतो.

सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून करा. सोळा अध्याय आहेत, रोज एक वाचला तर सोळा दिवस. मग योहान, मग फिलिप्पैकरांस पत्र, मग रोमकरांस पत्र. रोज सोबत एक स्तोत्र. वेळ ठरवताना मोठं ठरवू नका. चुलीवर किंवा गॅसवर चहाचं आधण ठेवलं की उघडायचं, एवढंही पुरतं. खूण घालून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खुणेपासूनच पुढे वाचा. कोकणात न उघडलेल्या पुस्तकाला दोन महिन्यांत बुरशी धरते, हे तुम्हाला सांगायला नको.

कौल लावणं थांबवा

हे जरा स्पष्टच सांगते. आपल्याकडे अडचण आली की कौल लावायची रीत आहे. उजवा पडला की होकार, डावा पडला की नकार. त्या रीतीत वाढलेल्या माणसांचा मी अनादर करत नाही, मीही त्याच घरांतली. पण विश्वासात आल्यावर कितीतरी जण तेच बायबलशी करतात. डोळे मिटायचे, पुस्तक कुठेही उघडायचं, बोट ठेवायचं आणि जे येईल ते आपल्यासाठी आजचं उत्तर मानायचं. मनासारखं आलं नाही तर पुन्हा उघडायचं. यात शास्त्र वाट दाखवत नाही, आपल्या मनात जे आहे त्यावर शास्त्राचा शिक्का मारून घेतला जातो.

एका बाईंनी मला रडत सांगितलं होतं की त्यांचं बोट येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या गळफासावर पडलं. मुलगा आजारी होता, आणि त्या रात्रभर झोपल्या नाहीत. मत्तयाचा तो सत्ताविसावा अध्याय आम्ही दोघींनी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि पुढचा अठ्ठाविसावाही, जिथे थडगं रिकामं आहे. तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. ओळीने वाचलं असतं तर ती रात्र त्यांना काढावी लागली नसती.

एका वचनावर होडी घालू नका

आमच्या शेजारी एक तांडेलकाका राहतात, मासेमारीची होडी चालवणारे. ते ख्रिस्ती नाहीत, पण त्यांनी मला शास्त्र वाचायला शिकवलं असं मी म्हणते. खाडीच्या तोंडाशी वाळू दरवर्षी सरकते, पाणी वरून सगळीकडे सारखंच दिसतं. मी विचारलं, मग आत येता कसे? ते म्हणाले, "एक खूण धरून कोण येतो गो? पुढची खूण नि मागची खूण, दोन्ही एका रेषेत दिसल्या पायजेत. एकच बघून आलास, की रुतलास वाळूत."

पुढची खूण म्हणजे तुम्हाला आवडलेलं वचन. मागची खूण म्हणजे त्याच्या मागेपुढे असलेला अध्याय, आणि त्याही मागे उरलेलं सगळं शास्त्र. यिर्मया 29:11 घ्या, म्हणजे एकोणतिसावा अध्याय, अकरावं वचन. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, हे वचन आपल्या घराघरांत कॅलेंडरवर असतं. आता दहावं वचन वाचा. ते बाबेलात बंदिवान झालेल्या लोकांना लिहिलेलं आहे आणि तिथे सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. म्हणजे पुढच्या महिन्यात कर्ज फिटेल असं ते वचन सांगत नाही. ते याहून मोठं सांगतं, की सत्तर वर्षं परक्या मुलखात काढावी लागली तरी देव आपल्या लोकांना विसरत नाही. फिलिप्पै 4:13 चंही तसंच. "मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे" असं म्हणणारा, ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तेव्हा बंदीत होता, आणि आदल्या वचनात तो उपाशी राहायलाही शिकलो म्हणतो.

सैतानालाही वचन पाठ असतं. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात तो येशूला मंदिराच्या शिरावर नेऊन 91 वं स्तोत्र ऐकवतो, उडी टाक म्हणतो. येशू उत्तर देतो, असाही शास्त्रलेख आहे, आणि दुसरं वचन पुढे ठेवतो. दोन खुणा एका रेषेत.

वहीचं मधलं पान

शंभर रुपयांची जाड वही नको, साधी चाळीस पानी घ्या. पानाच्या मधोमध रेघ ओढा. डावीकडे लिहा, 'मला काय वाटतंय'. उजवीकडे, 'काय लिहिलंय'. डावी बाजू प्रामाणिकपणे लिहा, तिथे भक्तिभावाची भाषा वापरू नका. माझ्या पहिल्या वहीतल्या डाव्या ओळी अशा होत्या: माझी क्षमा झाली असं वाटत नाही. रात्री माडाच्या बागेतून जाताना जुनी भीती वाटते. सगळे पुढे गेले, मी मागेच आहे.

उजवी बाजू लगेच भरत नाही. ती शोधावी लागते, कधी आठवडा लागतो, आणि शोधण्यातच वाचन होतं. क्षमेच्या समोर मी लिहिलं 1 योहान 1:9. आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वासू आणि न्यायी आहे म्हणून क्षमा करतो. तिथे 'मला हलकं वाटलं तर' असं काही लिहिलेलं नाही. त्याच पत्रात 3:20 ला म्हटलंय की आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे. या वचनावर मी कितीतरी दिवस बसून राहिले आहे. भीतीच्या समोर लिहिलं इब्री 13:5, "मी तुला सोडून जाणार नाही व तुला टाकणार नाही." माडाच्या बागेतून जाताना ते मोठ्याने म्हणायचे. भीती पहिल्या दिवशी गेली नाही. पण मी बागेतून जायची थांबले नाही.

दोन्ही बाजू जुळत नसतील तर डावी खोडू नका. ती खरी आहे, तुम्हाला तसं वाटतंच आहे. चालायचं मात्र उजव्या बाजूने.

गाऱ्हाणं घाला

काही जण वचनावर विसंबणं म्हणजे रडायचं नाही, कुरकुरायचं नाही असं समजतात. मग घरात दुःख असताना तोंडावर हसू चिकटवून उपासनेला येतात. माझ्या मते हे शास्त्राच्या विरुद्ध आहे. गाऱ्हाणं घालणं आपल्याला कोकणात कोणी शिकवावं लागत नाही, आणि स्तोत्रसंहितेत तर ती पानोपानी आहेत. 13 व्या स्तोत्रात दावीद देवाला सरळ विचारतो की तू मला कोठवर विसरणार. 42 व्या स्तोत्रात भक्त स्वतःच्याच जिवाला विचारतो, "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" नीट बघा, तिथे तो आपल्या मनाचं ऐकत बसलेला नाही, मनाशी बोलतो आहे. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेड येत नाही. तेही पवित्र शास्त्रच आहे. तुमच्याकडे शब्द नसतील तेव्हा ते उसने घ्या आणि मोठ्याने वाचा.

'मला शांती वाटते' म्हणण्याआधी

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे चुकलेली मी पाहिली आहेत.

आमच्या घरसभेतल्या एका मुलाला आखातात जहाजावर नोकरी मिळत होती. एजंट म्हणाला, अनुभवाचा दाखला नसला तरी चालेल, तो मी तयार करून देतो, पैसे द्या. मुलगा मला म्हणाला, "मावशी, मी प्रार्थना केली. मला पूर्ण शांती आहे. दार देवानेच उघडलंय."

मी त्याला योनाचं पुस्तक वाचायला दिलं. चारच अध्याय. देवाने योनाला निनवेला जायला सांगितलं, तो उलट्या दिशेला तार्शीशाला निघाला. याफोच्या बंदरात गेला तर जहाज तयार उभं. खिशात भाड्याचे पैसेही होते. दार उघडं होतं की नाही? आणि पुढे वादळ उठलं, खलाशी आपापल्या देवांचा धावा करत होते, सामान समुद्रात फेकत होते, तेव्हा योना जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. इतकी शांती होती त्याला, देवापासून पळून जात असताना.

मग मी त्याला लूकाच्या बाविसाव्या अध्यायातली गेथशेमाने बाग दाखवली. तिथे येशू देवाच्या इच्छेच्या अगदी मधोमध उभा आहे, आणि त्याला जराही शांती नाही. घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडतो आहे. जो पळत होता तो झोपला, जो आज्ञा पाळत होता तो तळमळला. मनाची शांती आणि तळमळ यांवरून वाट बरोबर की चूक हे ठरवायचं असतं, तर योना बरोबर ठरला असता.

पौलाच्या जहाजाची गोष्टही आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला लगेच कळते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27. हंगाम उलटून गेला होता, पौलाने सांगितलं होतं की पुढे धोका आहे. पण बंदर हिवाळा काढायला सोयीचं नव्हतं, आणि तेवढ्यात दक्षिणेचा मंद वारा सुटला. लोकांना वाटलं, झालं आपलं काम. नांगर उचलला. थोड्याच वेळात असा तुफानी वारा आला की चौदा रात्री जहाज नुसतं वाहत राहिलं, किती दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. जूनमध्ये मासेमारी बंद झाल्यावर एखाद्या दिवशी समुद्र कसा तेलासारखा निवांत दिसतो, ते आठवा. तेवढ्यावर कुठला तांडेल होडी बाहेर काढतो? त्या जहाजावर 276 माणसं होती. आशा सगळ्यांनी सोडली होती, आणि पौलाजवळ धरायला एवढंच होतं की देवाने जे सांगितलं ते तसंच होईल. जहाज फुटलं, माणसं सगळी वाचली.

तर निर्णय घ्यायचा झाला की हे प्रश्न याच क्रमाने विचारा. याबद्दल शास्त्रात स्पष्ट मनाई आहे का? असेल तर प्रार्थना 'करू का' अशी करायची नाही, 'न करायचं बळ दे' अशी करायची. खोट्या दाखल्याला हे लागू होतं. कलस्सै 3:9 मध्ये एकमेकांशी लबाडी करू नका असं लिहिलं आहे, आणि एजंट त्यातून वगळलेला नाही. मग, स्पष्ट आज्ञा आहे का? आईवडिलांचा मान, घेतलेलं कर्ज फेडणं, मजुराची मजुरी वेळेवर देणं, यात मन लागतंय का हे बघत बसायचं नाही. आणि दोन्ही नसेल, म्हणजे पुण्याची नोकरी की रत्नागिरीची, जुनी होडी दुरुस्त करावी की विकावी, तर तिथे देवाने बुद्धी दिली आहे, हिशेब आहे, अनुभवी माणसं आहेत. नीतिसूत्रं पुन्हा पुन्हा मसलत घ्यायला सांगतात. विचारा, आकडे मांडा, दोन-चार आठवडे थांबा, मग ठरवा. आवड-नावड इथे बघायलाही हरकत नाही.

त्या मुलाने दाखला घेतला नाही. त्यानंतर पंधरा दिवस तो फार अस्वस्थ होता. लगेच दुसरी चांगली नोकरी लागली, असंही झालं नाही. पुढचे दोन हंगाम तो इथेच बोटीवर होता. त्याचा निर्णय त्या अस्वस्थ पंधरा दिवसांतही बरोबरच होता.

जेव्हा शरीरच थकलेलं असतं

1 राजे, अध्याय 19. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला आधी झोपू देतो, मग भाकर आणि पाणी देतो, मग पुन्हा झोपू देतो. बोलणं त्यानंतर होतं. रात्रपाळी, बाळंतपण, ताप, उपास, यांत मन कोरडं पडलं तर ते विश्वासाचं मोजमाप मानू नका. आधी जेवा आणि झोपा. खिन्नता आठवडे न आठवडे उतरत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. यात अविश्वास नाही. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. "वचन धर, औषध कशाला" असं कोणी म्हणालं तर त्यांचं ऐकू नका. ज्या लूकाचं शुभवर्तमान आपण वाचतो, त्याला पौल 'प्रिय वैद्य' म्हणतो.

गणपतीच्या दिवसांत

ज्यांच्या घरातले बाकीचे विश्वासात नाहीत, त्यांना हे दिवस कठीण जातात. मुंबईहून चाकरमानी येतात, घर भरतं, आरतीच्या वेळी आपण एकटेच बाजूला. तेव्हा दोन भावना उसळतात. एक, मी घर तोडलं. दुसरी, हे सगळे चुकले आणि मीच बरोबर. दोन्ही वहीच्या डाव्या बाजूला लिहा. उजवीकडे 1 पेत्र 3:15 लिहा, कोणी विचारलं तर आपल्या आशेबद्दल उत्तर द्यायचं, पण सौम्यतेने आणि आदराने. शेजारी निर्गम 20:12, आईवडिलांचा मान. म्हणजे आरतीला उभं राहणार नसलात तरी पहाटे उठून पाणी भरा, पाहुण्यांची भांडी घासा, आईच्या पायाला तेल चोळा. कोणी टोमणा मारलाच तर त्या रात्री वाद घालायचा नाही.

एकट्याने वाचू नका

बिरुया गावातले लोक पौलासारख्या माणसाचं ऐकूनही रोज शास्त्रात शोध करत होते की हे असंच आहे का. प्रेषितांची कृत्ये 17:11. तुम्हीही मंडळीत ऐकलेलं घरी येऊन ताडून बघा, माझं हे लिहिणंसुद्धा. एखाद्या मोठ्या सभेत सगळे रडले, तुम्ही रडला नाहीत, तर तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका. रडलात तर तेही चांगलं, दुसऱ्या दिवशी वही उघडा आणि काय ऐकलं ते लिहा. नुसतं 'फार छान वाटलं' एवढंच लिहिता आलं, तर तो अध्याय पुन्हा वाचायला घ्या. आठवड्यातून एकदा एका जुन्या विश्वासणाऱ्यासोबत बसा, स्त्रियांनी स्त्रीसोबत, पुरुषांनी पुरुषासोबत, आणि वही दाखवा. मला पहिल्यांदा दाखवायला फार लाज वाटली होती. पाळकीणबाईंनी माझी वही बाजूला ठेवली, आत जाऊन त्यांची आणली आणि माझ्यासमोर उघडली. त्यांची डावी बाजू माझ्याइतकीच भरलेली होती.

मध्ये चार दिवस वाचन चुकेल. मग पाचव्या दिवशी वाटेल की आता कुठल्या तोंडाने उघडू. चुकलेले अध्याय भरून काढायला बसू नका, नवीन सोमवारची वाटही बघू नका. खूण जिथे आहे तिथे उघडा आणि पुढचं वचन वाचा.